भाऊंनी निवडलेला वेग

"मले भेव लागते, बाबू," असं म्हणूनच भाऊ कॉम्प्युटरचं बटण दाबायचे. भंडाऱ्यात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करून देणारा हा माणूस. मी कॅमेरा धरायचो, ते कापाकापी करायचे. तुमच्याही ओळखीत एखादा भित्रा माणूस असेलच, पण आमच्या भाऊंची गोष्ट न्यारी. आभाळ गडगडलं की ते दुकानातल्या सगळ्या वायरी उपटून ठेवत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "उद्या या ना जी."

एका मे महिन्यात सकाळीच जवळच्या कारधा गावची एक नवी नवरी दुकानात आली. वडलांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, चार वाजता त्यांना नागपूरला न्यायचं होतं. आणि ते लेकीच्या लग्नाची फिल्म पाहिल्याशिवाय गाडीत बसायला तयार नव्हते. एवढं सांगून ती खाली बघत उभी राहिली.

आमचं जुनं मशीन मात्र फिल्म तयार व्हायला चार वाजून जातील असं दाखवत होतं.

उपाय एकच होता, बसचा वेग वाढवायचा. बस म्हणजे मशीनच्या आतली धडधड. ती वाढवली की प्रोसेसर पळतो. पण आमच्या स्वस्तातल्या बोर्डावर हार्ड डिस्कलाही सोबत पळावं लागायचं, आणि तिला ते झेपलं नाही तर आत साठवलेलं बिघडायचं. त्या लग्नाची एकुलती एक प्रत त्याच डिस्कवर होती. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसून झाली होती.

भाऊंनी दोनशेची बस दोनशे दहा केली. पडदा काळा झाला. मग बीप वाजला, मशीन सुरू झालं. तरी वेळ पुरत नव्हता. दोनशे तीसवर काम तीनच्या सुमारास उरकेल असं दिसलं. मी म्हटलं, अडीचशे करून टाका, लवकर होईल.

"डिस्क गेली तं त्या पोरीले काय दाखवू मी?" भाऊ म्हणाले आणि दोनशे तीसवरच थांबले.

खोलीतला कूलर त्यांनी मशीनकडे वळवला आणि स्वतः घामानं निथळत बसून राहिले. डिस्क कुरकुरली की आम्ही दोघंही पडद्याकडे बघायचो. जेवणाचा डबा कोणी उघडला नाही.

वेळेत कारध्याला पोचलो. नवरीचे वडील, काका, खाटेवर बसले होते, सगळं घर टीव्हीपुढे जमलं. हळद, वरात, पंगती, सगळं नीट चाललं होतं. मला वाटलं, सुटलो. आणि बिदाईला चित्र फुटलं. नुसते रंगीत चौकोन. लेक रडत वडलांच्या गळ्यात पडते तिथं काकांचा चेहराच नव्हता. थोड्या वेळानं चित्र पूर्ववत झालं. सगळे पुढचं बघू लागले. वाटलं, भाऊंनीही गप्प राहावं.

लेक बॅग आणायला आत गेली, तसे भाऊ उठून खाटेपाशी गेले. "काका, थे माह्या हातानं बिघडलं. मशीन पळवली मी. आता थे कोठंच नाही."

काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि भाऊंचा हात धरून त्यांना जवळ ओढलं.

"तिथं मी रडून राहिलो होतो," ते हळूच म्हणाले. "पोरीनं नाही पाहिलं, बरं झालं."

गाडी आली. काकांनी भाऊंचा हात गाडीच्या दारापर्यंत सोडला नाही.