संयोगितानं जोडलेला कंप्युटर

कसबा बावड्यातली संयोगिता लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देते. शूटिंगवाले ढीगभर फुटेज आणून टाकतात. त्यातली नवरीची आसवं ठेवायची आणि मानपानाची भांडणं उडवायची, ही तिची कला. पण तिचा लॅपटॉप म्हातारा झाला होता. नवरदेव घोड्यावर चढला की तो गार पडायचा. लॅपटॉप.

नवरा राजवर्धन साखर कारखान्यात क्लार्क. तो म्हणाला, "शोरूममधनं तयार कंप्युटर आणू. खोका फोडायचा, पिन घालायची, विषय कट."

दोघं शोरूममध्ये गेली. सेल्समन सगळं राजवर्धनलाच समजावत होता. राजवर्धनला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मान जोरात हलत होती.

संयोगितानं विचारलं, "ह्यात पुढं रॅम वाढवता येतीया का?"

सेल्समन राजवर्धनकडे बघून म्हणाला, "सर, मॅडमना सांगा, तशी गरजच पडणार नाही."

"आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं हाय?"

"सर, कंपनीचंच आहे."

संयोगिता उठली. "ह्यास्नी ठेवून घ्या, तुमचं दोघांचं झ्याक जमतंय. मी जातो." आणि बाहेर येऊन गाडीवर बसली.

घरी आल्यावर तिनं जाहीर केलं, "सुटे पार्ट मागवतो आणि मीच जोडतो."

कुरिअरवाला एकेक खोका आणू लागला. सासू बनाबाईंनी ती रास बघितली. "म्हस आणायची सोडून शिंगं, शेपूट आणि कास येगयेगळी आणलीस व्हय गं?"

"आत्ती, मला पायजे तशी कास तयार म्हशीला मिळत न्हाय."

रविवारी बाहेरच्या सोप्यातल्या टेबलावर काम सुरू झालं. मोबाईलवर एक पोरगा कृती सांगत होता, ती करत होती. प्रोसेसर बसवून वरची पट्टी दाबली तेव्हा असा करकर आवाज आला की राजवर्धन डोळे मिटून उभा राहिला. काही मोडलं नव्हतं, आवाज तसाच येतो. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. तिनं बटण दाबलं. पंखे फिरले, डब्यात लाल-निळे दिवे लागले, पण स्क्रीन काळाच.

घरचे सांत्वनाला जमले. दीर पृथ्वीराज म्हणाला, "असूदे वैनी, गणपतीत लायटिंगला व्हईल." राजवर्धन 'मी सांगत होतो' असं म्हणाला नाही, नुसतं तोंड तसं केलं.

संयोगिताला रडू फुटणार होतं, त्याऐवजी ती भडकली. रॅम काढून परत घातली, वायरी उपसून परत खोचल्या, पार्टवाल्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचं नाव काढलं. काही होईना. शेवटी बनाबाईंनी ओढून ताटावर बसवलं. "जेव आदी. त्यो काय पळून जात न्हाय."

आमटी-भाकरी पोटात गेल्यावर तिनं कंप्युटरचा डबा फिरवून पाठीमागं बघितलं. स्क्रीनची वायर बसायला सारखीच दिसणारी दोन भोकं होती. एक वर मदरबोर्डाचं, एक खाली ग्राफिक्स कार्डाचं. वायर वरच्यात होती. तिनं ती काढून खालच्यात घातली, आणि स्क्रीन उजळला. ती अशी किंचाळली की शेजारीण दारात आली.

"एवढंच व्हतं?" पृथ्वीराजनं विचारलं.

"एवढंच. माझीच चूक. पण तुम्ही सगळे काय बघत हुबं होता?"

पुढं राजवर्धन कारखान्यात सांगत सुटला, "आम्ही घरीच असेंबल केला." त्यात त्याचा वाटा म्हणजे स्क्रूड्रायव्हर शोधणं. तोही त्याला सापडला नव्हता.

मग जाऊबाई स्नेहल मागं लागली, मलाही जोडून दे. संयोगितानं विचारलं, "करणार काय त्यावर?"

"लाईटबिल भरीन, पोरांचा अभ्यास."

"मग गप तयार घे. उगंच डोक्याला ताप कशाला?" आणि स्वतः बरोबर जाऊन चांगला तयार कंप्युटर निवडून दिला.

नव्या मशीनवर बनाबाईंच्या आजऱ्याच्या भाचीचं लग्न एडिटिंगला आलं. बनाबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. पंगतीत त्या स्वतः दिसल्या. माईक जवळच होता, आवाज खणखणीत: "जिलबी गार, आणि विहीणबाई तिच्याहून गार."

बनाबाई ताडकन उठल्या. "काढ ते! आत्ताच्या आत्ता!"

"काढतो की."

आजऱ्याला पाठवलेल्या व्हिडिओतून तिनं ते खरंच काढलं. स्वतःकडं मात्र जपून ठेवलंय, आणि बनाबाई देवळात गेल्या की घरातले सगळे मिळून बघतात.