दाराजवळची खुर्ची

डोंगरातल्या नारिन गावच्या दवाखान्यात, डायलिसिसच्या खोलीत, ओसमोनकुल म्हाताऱ्याची जागा ठरलेली होती: दारापासून सगळ्यांत लांब, खिडकीखाली. त्या मुलखात घर असो की तंबू, वडीलधाऱ्याचा मान तिथलाच. दाराशी बसायचं ते पोराटोरांनी आणि सुनांनी. उभा जन्म घाटातून मेंढ्यांचा ट्रक हाकलेल्या या माणसाला मान मागावा लागत नव्हता. ती खुर्ची त्याच्यासाठी रिकामी असायचीच.

फक्त त्या खुर्चीपाशी खोलीतलं सगळ्यांत जुनं मशीन होतं. नवं आलं ते दाराशी बसलं, कारण पाण्याचा नळ तिथं होता. पण म्हाताऱ्याला दाराशी बसा म्हणणार कोण?

जुन्या मशीनवर थोड्याच वेळात त्याचा श्वास अपुरा पडे, बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा घसरे. वय झालं, म्हणून त्यानं ते सोडूनही दिलं असतं. पण गुरुवारी बेर्मेत नावाची त्याची नात लग्न होऊन सासरी निघताना इथंच आशीर्वादाला येणार होती. सगळ्यांसमोर आशीर्वाद अर्ध्यात तुटला तर? त्या धास्तीनं म्हातारा जेवेनासा झाला.

शेवटी डॉक्टर मेदेर म्हणाले, "आजोबा, दोष वयाचा नाही. या मशीनला अ‍ॅसिटेट हा क्षार घातलेलं पाणीच चालतं. रक्त साफ होतं, पण श्वास मंदावतो. नव्या मशीनचं पाणी वेगळं. तिकडं बसा."

"दाराशी? मी काय नवी सून आहे, चहा ओतायला?"

नर्स झिपार हसली. "भलतंच डिझेल भरून घाट चढला असतात का हो?"

"तोंड फार चालतं गं तुझं!" म्हातारा फणकारला. डिझेलचं मात्र त्याला पटलं.

गुरुवारी तो गुमान दाराशी जाऊन बसला. बाकीच्या रुग्णांनी अवघडून माना खाली घातल्या. जुनं मशीन बंद राहिलं.

दार उघडलं आणि बेर्मेत थेट आजोबांपुढेच आली. म्हाताऱ्याचा एक हात नळ्यांत अडकलेला. दुसऱ्याचा तळवा त्यानं आशीर्वादासाठी वर धरला. सगळ्यांनी आपापले हात तसेच धरले. त्यानं नातीसाठी घर मागितलं, दूधदुभतं मागितलं, बर्फाविना रस्ते मागितले. झिपारचा डोळा आकड्यावर होता. आकडा घसरला नाही. म्हाताऱ्याला इतकं सुख कित्येक दिवसांत झालं नव्हतं. सगळ्यांचे हात भरून आले, बाहेर वरातीच्या गाडीनं भोंगा वाजवला.

"आजोबा, गाडी खोळंबलीय!" बेर्मेत डोळे पुसत म्हणाली.

"खोळंबू दे. आत्ता कुठं तुझ्या पोरांपर्यंत आलोय. नातवंडं राहिलीत."