विनयच्या नरम स्प्रिंगा

तिसऱ्यांदाही तेच झालं. सुजाताताईंनी क्लच सोडला, गाडीने नाक वर केलं, पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरली आणि रबराचा धूर माझ्या तोंडावर आला. मी बाजूला जमिनीवर पालथा पडून खालून बघत होतो. गाडी निघाली खरी, पण खऱ्या रेसमध्ये तोवर शेजारचा पुढे निघून गेला असता.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्यांची शर्यत. वळण नाही, ब्रेक शेवटी. निम्मा खेळ गाडी सुटते त्या क्षणीच होऊन जातो. त्याला लाँच म्हणतात.

ही पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी बनारसमध्ये, शहराबाहेरच्या एका गॅरेजात सस्पेन्शनचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा आणि शॉक-ॲब्सॉर्बरचं काम बघायचो. आता तिथे लग्नाचं लॉन झालंय. त्या रस्त्याने जाताना अजून माझी स्कूटर आपोआप हळू होते. घर आमचं ब्रह्माघाटला, तिथल्या जुन्या मराठी वस्तीत. घराण्यात सगळे वेदपाठी, मी एकटा ग्रीसमध्ये हात घालणारा. तरी गॅरेजात सगळे मला पंडितजीच म्हणत.

सुजाताताई बँकेत अधिकारी, नाशिकहून बदलीवर आलेल्या. मी घरी फोनवर मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं आणि त्या दिवसापासून मी त्यांचा काका झालो. गाडी त्यांच्या धाकट्या भावाची, विनयची. साधी जुनी हॅचबॅक, त्याने चार वर्षं खपून रेससाठी तयार केलेली. ती पळवायच्या आधीच तो आजारपणात गेला. दोन तासांवरच्या एका जुन्या धावपट्टीवर फेब्रुवारीत रेस होती. एकदा तरी ही गाडी लाइनीवर उभी करायची, एवढंच ताईंचं म्हणणं.

रोग मला पहिल्याच दिवशी कळला होता. गाडी झटक्यात सुटते तेव्हा तिचं वजन मागे सरकतं. नाक उठतं, डिकी बसते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जात असेल तर हे चांगलंच, ती चाकं रस्त्यावर दाबली जातात. आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. वजन मागे गेलं की ओढणारी चाकंच हलकी पडतात. विनयने पुष्कळ वाचून सगळं केलं होतं, पण वाचलेलं सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं होतं. म्हणून मागे नरम स्प्रिंगा, आणि बॅटरी उचलून डिकीत. स्प्रिंगांवर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याच्या अक्षरात लिहिलेलं: 'मागे, नरम'. गाडी लिफ्टवर चढली की ताई खाली येऊन त्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या.

ते बघून माझं तोंड उघडेना. मी दुसरा रस्ता काढला. पुढच्या सस्पेन्शनला लिमिटर लावले. लिमिटर म्हणजे मजबूत पट्टा, एक टोक बॉडीला, दुसरं चाक धरणाऱ्या आर्मला. त्यामुळे सस्पेन्शन ठरावीक अंतरापलीकडे उघडत नाही आणि नाक फार उठत नाही. मागे हात लावला नाही.

मागच्या शॉक-ॲब्सॉर्बरच्या दांड्यावर मी प्लॅस्टिकची झिप टाय बांधून ठेवली होती. शॉक जितका दबेल तितकी ती सरकते. ट्रायलनंतर बघितलं तर पार टोकाला गेलेली. डिकी पूर्ण बसत होती. गॅरेजमालक सिंहजींनी ती बघितली आणि मला बाजूला घेतलं.

"पंडितजी, मैडम को सच बता दीजिए। गाड़ी पीछे से ठीक होगी।"

मी म्हटलं, अजून एक ट्रायल बघू.

त्या ट्रायलला डाव्या लिमिटरचं ब्रॅकेट वेल्डिंगमधून उपटलं. डावीकडचं नाक उठलं, उजवीकडचं राहिलं आणि गाडी तिरपी होऊन शेजारच्या बंद कारखान्याच्या भिंतीकडे गेली. ताईंनी ब्रेक दाबला. भिंतीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मी धावत पोचलो तेव्हा त्या स्टिअरिंग धरून तशाच बसल्या होत्या.

संध्याकाळी त्यांना घरी घेऊन आलो. बायकोने चूडा-मटर केला होता, म्हणजे पोहे आणि हिरवे मटार, आमच्याकडचा थंडीतला पदार्थ. मी बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तरी मला त्या पट्ट्यांच्या भरवशावर बसवलंत?"

विनयचं काम उकलायचं जिवावर आलं, एवढंच बोललो.

"विनयला कुणी चूक दाखवली असती, तर आधी त्यानेच पाना उचलला असता. तुम्ही त्याला ओळखत नव्हता, काका."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. शेवटी बायको म्हणाली, ताई, आधी खाऊन घ्या, ठंडं होतंय. त्या 'ठंडं'वर ताईंना हसू आलं. आमची बनारसी मराठी तेवढी कामाला आली.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंगा त्यांनी स्वतः काढल्या. मी फक्त जॅक सांभाळला. मागे कडक स्प्रिंगा आणि कडक शॉक बसवले. बॅटरी पुढे आणली. मागच्या टायरांत हवा वाढवली. लिमिटरची ब्रॅकेटं या वेळी जाड प्लेट घालून बोल्टने आवळली, दोन्ही बाजू मोजून सारख्या. वजन मागे जाणं पुरतं बंद करता येत नाही, कमी करता येतं. झिप टाय अर्ध्यावर थांबली. नाक दोन बोटं उठलं आणि गाडी निघाली.

रेसमध्ये ताई पहिली फेरी जिंकल्या. दुसरीत एका मोठ्या इंजिनाच्या गाडीने त्यांना सहज मागे टाकलं. परतताना वाटभर त्या विनयबद्दल बोलत होत्या. त्याने गिअरबॉक्स जेवणाच्या टेबलावर खोलला होता आणि आईने आठवडाभर सगळ्यांना जमिनीवर वाढलं होतं. तो रस्ता इतक्या लवकर कधी संपला नव्हता.

उन्हाळ्यात त्यांची नागपूरला बदली झाली. गाडी ट्रकवर चढवायला मी गेलो होतो. विनयच्या त्या स्प्रिंगा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून सामानात घातल्या.

त्यानंतरही काही वर्षं काम केलं. ग्राहकाला वाईट वाटेल म्हणून गाडीतला दोष कधी झाकला नाही. जो गाडी चालवणार, त्याला आधी सांगायचं. वाईट वाटलं तर त्याचं तो बघून घेतो.