पोळ्याला धुतलेले गोटे

रस्त्यातल्या दगडाला लाथ मारणाऱ्याच्या कानाखाली वाजवणारा माणूस मी एकच पाहिला, आमचा गोटेभाऊ. सौंसरच्या बसस्टँडवर मी एका खड्याशी पायाने खेळत उभा होतो, तेवढ्यात गाल पेटला. मारणारा वाकून तो खडा सदऱ्याला पुसत होता. "लाख वर्सं घसटत आला हा तुयापाशी," तो म्हणाला, "अन् तू त्याले लाथ मारून राहिला?"

मी त्याची गचांडी धरली. दोघेही धुळीत लोळलो. झटापटीत माझ्या खिशातून सकाळीच मोहगावच्या नाल्यात सापडलेली पट्ट्यापट्ट्यांची गारगोटी बाहेर पडली आणि त्याने माझा गळा सोडला. पांढुर्ण्याच्या गाडीत आम्ही एकाच सीटवर बसलो. त्याचा ओठ फुटला होता आणि तो गारगोटी उन्हात धरून खुशीत शिव्या घालत होता.

पुढे कित्येक वर्षं आम्ही मिळून नाले पालथे घातले. तिगावकडे कुठे विहीर खोदताहेत असं कळलं की कामधंदा सोडून मलब्यावर हजर. वाटणीवरून भांडणं ठरलेली. एका मधाच्या रंगाच्या गोट्यासाठी तर तो माझ्या मनगटाला चावला. 'मधाळ' शेवटी मीच त्याला देऊन टाकला. माझ्यापेक्षा तो जास्त जपेल, हे मला ठाऊक होतं.

तो सावरगावचा, मी पांढुर्ण्याचा, मध्ये जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवून त्यावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठ एकमेकांवर गोटे मारतात. मी हिरिरीने मारायचो. गोटेभाऊसारख्या तापट माणसाने मात्र जन्मात एक गोटा भिरकावला नाही. तो दिवसभर चंडीच्या देवळात बसून राहायचा. "दगडाची काय चुकी? तुमी त्याले खुनी करता," म्हणायचा.

त्याला ना शेत, ना बैल. पोळ्याला लोक बैल धूत, तो आपले गोटे धुवायचा, तेलाचा हात फिरवून ओट्यावर मांडायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा. एका वर्षी ऊनच पडलं नाही, म्हणून ओले गोटे रात्रभर बाहेर राहिले. गोटमारीसाठी घरोघरी दारात गोट्यांचे ढीग घालून ठेवायची तिथली रीत. सकाळी तो देवळात गेला आणि गल्लीतल्यांना वाटलं, यंदा गोटेभाऊनेही ढीग घातला. खूश होऊन त्यांनी सगळे गोटे नदीवर नेले.

दुपारी माझ्या पायाशी एक गोटा आदळला. उचलला तर मधाळ. मान वर केली तर गोटेभाऊ पात्रात उतरलेला, खांद्यावरचा दुपट्टा पसरून, वाकून वाकून आपले गोटे वेचतोय. आमच्या काठाला वाटलं, सावरगावचा हा झाड राखायला आला. गोट्यांचा नुसता पाऊस पडला. मी ओरडलो, पण ढोलांपुढे कोण ऐकणार. मी पाण्यात धावलो. त्यांच्या बाजूचा एक गोटा माझ्या खांद्यावर बसला, आमच्या बाजूचा गोटेभाऊच्या कानशिलावर. मी त्याला ओढत कडेला आणलं. डोळे रक्ताने भरले होते, तरी दुपट्ट्याचं टोक सुटलं नव्हतं.

"मधाळ?" त्याने विचारलं. मी तो त्याच्या हातात ठेवला.

"फुटला तं नाही ना?"

"नाही रे."

नागपूरला नेताना वाटेतच तो गेला.

संध्याकाळी रीतीप्रमाणे दोन्ही गावांनी मिळून चंडीची पूजा केली. गोटा कुणाचा लागला, हे आमच्याकडे विचारत नाहीत. मी विचारलं. माझ्याच गल्लीत दारं बडवली, कॉलर धरल्या, नको नको ते बोललो. कुणी माझ्यावर उलटून हातही उचलला नाही. त्याचा फार राग आला. मी पुन्हा कधी गोटा मारला नाही.

परवा सौंसरच्या स्टँडवर एकाने रस्त्यातला खडा लाथेने उडवला आणि माझा हात उठला. त्याने माझी गचांडी धरली. काऊन मारलं, म्हणून विचारू लागला.

"लाख वर्सं घसटत आला हा..." एवढंच म्हणालो, आणि सगळ्या स्टँडसमोर मला रडू फुटलं. त्याने गचांडी सोडली, जाऊन तो खडा उचलून आणला आणि माझ्या हातावर ठेवला.