रेघमामांची हाक

रेघमामा बेशुद्ध माणसाशी इतक्या मोठ्यानं बोलत, की शेजारच्या वॉर्डातले शुद्धीवरचे पेशंट दचकून उठत. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका इस्पितळात मी शिकाऊ डॉक्टर होतो आणि मामा मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या मशीनवर. पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवल्या की मशीनच्या लेखण्या कागदावर शाईनं रेघा ओढत. म्हणून ते रेघमामा.

तारा लावण्याआधी ते पेशंटची परवानगी घेत. "पावणं, जरा गार लागंल बरं का." उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही क्षणभर थांबत.

एकदा होटगी स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलणारे एक सांधेवाले आले. बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू झालं होतं, पण चौथ्या दिवशीही शुद्ध नव्हती. "रेघा बघ आणि बायकोला काय ते सांगून टाक," असं म्हणून मोठे डॉक्टर निघून गेले. मी टाळी वाजवली, नाव घेतलं, चिमटा काढला. संथ रेघा ढिम्म हलेनात.

"डॉक्टर, तुमी परकं माणूस. तुमची हाक कशाला ऐकतील?" मामा म्हणाले आणि बाहेर जाऊन पेशंटच्या बायकोला विचारून आले, "वैनी, मालकास्नी राग कशाचा येतो?"

चार दिवस रडणाऱ्या बाईंना विचार करावा लागला नाही. "माज्या भावाचा."

मामा पेशंटच्या कानाशी ओरडले, "मेव्हणं आल्यात! तुमची सायकल घिऊन चालल्यात!"

रेघांचा नूरच पालटला. मामा गप्प झाले, रेघा संथ झाल्या. पुन्हा ओरडले, पुन्हा पालटल्या. मी धावतच बाईंकडे गेलो. मागून मामा बजावत होते, "आशा हाय म्हणा, खात्री हाय म्हणू नका!"

नवव्या दिवशी सांधेवाल्यांनी डोळे उघडले. समोर मेव्हणा उभा होता. त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. आम्ही घाबरलो. बाई म्हणाल्या, "काळजी करू नका, बरं झाल्यात की."

पुढं करमाळ्याची एक तरुण शिक्षिका आली. तिचंही हृदय थांबलं होतं. वडिलांनी तिची सगळी लाडकी नावं सांगितली. मामांनी एकेक नाव घेऊन घसा बसेपर्यंत हाका मारल्या. लागोपाठ तीन दिवस. कागदावर काहीच हललं नाही.

मामांनी तारा काढल्या, कोमट पाण्यानं तिच्या केसांतला चिकटा पुसला, भांग पाडला आणि मग वडिलांना आत बोलावून स्टूल दिलं.

"आता तुमी सांगा," ते मला हळूच म्हणाले, "पण बसून सांगा. उबं राहून न्हाय."

मी दुसरं स्टूल ओढलं. कालांतरानं मामा सेवानिवृत्त होऊन गेले, ती मशीनही गेली. असं काही सांगायची वेळ आली, की मी अजून आधी खुर्ची ओढतो.