पाहुण्याचा खेळ रोज पहिल्यापासून

शून्य पॉइंट पस्तीस हे शून्य पॉइंट चारपेक्षा मोठं, असं मी भर पालकसभेत ठरवून टाकलं. पस्तीस मोठे की चार? मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही.

शाळा खालच्या गावची. आमच्या वाडीतली शाळा पट कमी म्हणून गेल्या वर्षी बंद झाली. तेव्हापासून आमची पोरं डोंगर उतरून इथं येतात. शाळेला टॅब मिळाले होते, त्यात दशांशाचा खेळ होता. नदीवर पूल बांधायचा. लहान आकड्याची फळी आधी, मोठ्याची नंतर. चुकलं की बकरी पाण्यात. "पालकांपैकी कोणी खेळून बघणार का?" बाईंनी विचारलं. जिथं कोणी पुढं होत नाही तिथं मी होतो. जुनी खोड.

माझं बोट स्क्रीनला कळेना. वीस वर्षं कशेडी घाटाच्या पायथ्याशी पंक्चर काढतोय. बोटाची कातडी टायरच्या जातीची झालीय. म्हणून मी बोटाला थुंकी लावली. फळी सरकली. बकरी बुडाली.

सभा हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. लोकांपेक्षा जास्त आपणच हसून घ्यायचं, म्हणजे लागत नाही. एवढी एक विद्या मला पूर्ण येते.

शाळा समितीचे अध्यक्ष पुढच्या खुर्चीत बसले होते. नदीकाठची भातजमीन त्यांच्या घरची, टॅबही त्यांच्याच ओळखीतून आलेले. म्हणाले, "वाडीवाल्यांना पुरा आकडा येत नाही, पॉइंट कुठून येणार!"

मी त्यालाही हसलो.

मग त्यांनी माझ्या पोरीकडे बोट केलं. ती पाचवीत आहे. दाराशी बसली होती. "ए, इकडे ये. बापाची थुंकी तू पूस."

ती आली. फ्रॉकच्या टोकानं काच पुसू लागली. मान खाली. पुसता पुसता हळूच म्हणाली, "बाबा, चारच्या पुढं शून्य लावून बघायचं. चाळीस होतात."

तिला येत होतं.

पुसताना बोट लागून यादी उघडली. मुलांची नावं, नावापुढं किती पूल झाले ते. मी वरून खालपर्यंत वाचली. "तुझं नाव कुठाय गो?"

"माझं नाय. मी पाहुणा हाय."

यादीच्या तळाला खरंच तसं लिहिलं होतं. पाहुणा.

"वाडीतली आम्ही आठी जणं पाहुणाच. नाव नसलं की खेळ साठत नाय. काल नववा पूल झाला. आज परत पहिला."

मी हसायचा थांबलो. मी गप्प झालो तेव्हा दोघातिघांना वाटलं मला चक्कर आली. एकानं पाणी आणलं.

मी म्हटलं, "हिचं नाव घाला."

बाई खाली बघत म्हणाल्या, "समितीनं दिली तीच यादी भरलीय."

अध्यक्ष म्हणाले, "पावसात दरड आली की तुमची पोरं घरी. यादीतली जागा कशाला अडवायची?"

"हजेरी बघा."

बाईंनी हजेरी उघडली. पोरगी सबंध पावसाळ्यात दोनच दिवस गैरहजर. बाईंनी हजेरी मिटली.

"हिचं नाव घाला," मी परत म्हटलं. "तोवर मी उठणार नाय." आणि पोरांच्या बाकावर बसलो. गुडघे हनुवटीला टेकले. सत्याग्रहाला बसलेला माणूस इतका बावळट कधी दिसला नसेल.

सभा उठली. अध्यक्षांची गाडी गेली. माझा शेजारी, ज्याचा पोरगा याच वर्गात पाहुणा आहे, माझ्याकडे न बघता चपला घालून निघून गेला. वाडीतलं एकही माणूस थांबलं नाही. पोरगी बाहेर पायरीवर जाऊन बसली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाढे, खाली मी एकटा. इतकं एकटं मला तरुणपणी मुंबईला कामाला गेलो तेव्हा अनोळखी खोलीत झोपतानाही वाटलं नव्हतं.

शाळा बंद करायची वेळ झाली. कुलूप हातात घेऊन बाई म्हणाल्या, "माझ्या हातात नाही हो."

नाव नाही पडलं. आम्ही दोघं चढण चढून घरी आलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. थुंकीचं रंगवून सांगितलं, सवयीनं. ती हसली नाही. भाकरी थापायची थांबली.

"आणि तुम्ही आपल्या पोरीचं एकटीचंच नाव मागितलंत?"

"हो."

"मग शेजारी कशाला थांबेल? आठ पोरं हायत. आठी नावं कागदावर लिवा. उद्या दुकान उघडू नका. घराघरातून एकेक माणूस उठवून नेते मी. आठी नावं चढल्याशिवाय त्या वर्गातनं कोणी हलायचं नाय."