घंटागाडी आल्याशिवाय सकाळ नाही

लेकरांना घड्याळ कळत नाही. एवढी साधी गोष्ट, पण डी.एड. होऊनही ती माझ्या डोक्यात शिरली नव्हती. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले मार्क होते. पण चड्डी घाल म्हटलं की दोन वर्षांचं पोरगं पलंगाखाली भिंतीला टेकून बसतं आणि झाडूने ढकलल्याशिवाय बाहेर येत नाही, हे त्या पेपरात कुठेच नव्हतं.

शिक्षकाच्या नोकरीची परीक्षा दिली तेव्हा मी एकटी होते. निकाल लागला तेव्हा लग्न झालं होतं. ऑर्डर हातात पडली तेव्हा मोठी साडेचार वर्षांची होती आणि धाकटा दोनाचा. साखरखेर्ड्याच्या पुढे एका खेड्यात शाळा. आमच्या गावातून तिथे वेळेवर पोचवणारी एकच एस.टी., सकाळी पावणेनऊची. महिन्याच्या आत हजर व्हायचं, नाही तर ऑर्डर रद्द. नवरा खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. म्हणजे लेकरांना सांभाळायला उरले सासू-सासरे.

सासरे एस.टी.तले रिटायर कंडक्टर. बोलणं मोजकं. उभी नोकरी घंटीच्या दोरीवर गेली, म्हणून घरातही सगळा कारभार घंटीवरच. जेवायला बसले की स्टीलच्या पेल्यावर चमच्याने एकदा वाजवायचं, म्हणजे थांबा, वाढू नका. दोनदा वाजवलं की चालू द्या. सासूबाईंनी हे आयुष्यभर ऐकून घेतलं. मी आठ दिवसांत शिकले, कारण शिकले नाही तोवर त्यांच्या ताटात भाकरीवर भाकरी पडत होती.

ऑर्डर आल्याच्या दिवशी जेवताना त्यांनी निकाल दिला. "एक महिना पाहू. तुह्या सासूचे गुडघे गेले, ते काही लेकराईच्या मागं धावू शकत नाई. तू घराबाहेर पडाच्या आत दोघंबी उठून, न्हाऊन, खाऊन तयार पायजेत. टाइम बसला त जाय. नाई बसला त ऑर्डर वापस कर, लेकरं मोठी झाल्यावर पाहू." आणि पेल्यावर एकदा वाजवलं.

माझं डोकंच सटकलं. अभ्यास मी केला, नंबर माझा लागला, आणि घंटी वाजवणार हे! पण सांभाळणार तेच होते. मी भांडी उचलली आणि जरा जोरातच आपटली.

दुसऱ्या दिवशी कार्डशीट आणलं. लाल स्केचपेनने वेळा, हिरव्याने कामं. साडेसहाला उठणे, पावणेसातला शौच, सातला दात, सव्वासातला दूध, असं पावणेनऊपर्यंत ठासून भरलं आणि फ्रिजवर चिकटवलं. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय वं? रेल्वेचं लावलं का?"

"लेकरांचं आहे, आई."

"मंग लेकराईले वाचता येते का?"

खरंच येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्या तक्त्याचा एकच उपयोग झाला. धाकट्याने त्याचा खालचा कोपरा चावून खाल्ला. 'पावणेनऊ' त्याच्या पोटात गेले.

साडेसहाला उठवलं तर मोठी म्हणायची, "कायले?" दात घास म्हटलं तर "कायले?" माझी बोली माहेरची, पार नांदुऱ्याची, त्यात मास्तरकीच्या शिक्षणाने शुद्ध करून घेतलेली, आणि पोरगी बोलायची थेट आजीसारखी. मी म्हणायची, सात वाजले म्हणून. ती घड्याळाकडे पाहायची, मग माझ्याकडे, जणू सात वाजणं हा माझा खासगी प्रश्न आहे. त्यात आठव्या दिवशी नळ आले. आमच्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतात, आणि "नळ आले!" अशी गल्लीत हाक उठली की माणूस असेल तिथून उठतो. मी एका लेकराला साबण लावून आणि दुसऱ्याला तसंच बसवून पाइप घेऊन टाकीकडे पळाले. तासाभराने परत आले तर साबण वाळून पोरगी पांढरी झाली होती आणि तिने धाकट्यालाही तसाच रंगवला होता. सासरे वर्तमानपत्रातून वर न पाहता म्हणाले, "सव्वासातचं दूध लेट हाय वाटते." मला इतका राग आला की मी तो तक्ता फाडून चुलीत घालणार होते. चूल नव्हती म्हणून वाचला.

त्या दुपारी मी नांदुऱ्याचा विचार करत बसले. माझं माहेर स्टेशनाजवळ. आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कोणी पाहायचं नाही. सकाळची पॅसेंजर भोंगा देऊन गेली की अंघोळ, मालगाडी खडखडली की दप्तर, मुंबईकडची मेल गेली की शाळा. गाडी लेट झाली तर आम्हीही लेट, आणि आई आम्हाला न ओरडता रेल्वेला ओरडायची. तेव्हा कळलं, लेकरांना काटे नको असतात, आवाज हवा असतो. पण आमच्या या गावात रूळच नाहीत, तर गाडी आणू कुठून?

गाडी रोज दारावरून जात होती, मलाच दिसली नव्हती. घंटागाडी! कचऱ्याची. भोंग्यावर गाणं लावून पलीकडच्या गल्लीतून सुरू व्हायची, साडेसातच्या सुमारास आमच्या कोपऱ्यावर. तो आवाज आला की मोठी हातातलं सगळं टाकून ओट्यावर पळायची. ड्रायव्हर तिला "काय मॅडम" म्हणून सलाम ठोकायचा. तिच्या मागे धाकटा.

मग मी सगळं त्या गाडीला बांधलं. पलीकडच्या गल्लीत गाणं सुरू झालं की उठायचं आणि दात. आवाज वळणावर आला की दूध संपवायचं. दूध संपलेल्यालाच कचऱ्याची बादली धरायला मिळेल. गाडी गेली की थेट मोरीत, कारण कचऱ्याला हात लावला ना! तिसऱ्याच दिवशी मोठी स्वतःहून म्हणाली, "आई, कचरा टाकला, आता आंघोळ." मी मोरीच्या दारात उभी राहून हसले, कोणी पाहत नाही असं पाहून. पंधरा दिवसांत लेकरांची अशी घडी बसली की सासूबाई शेजारणीला बोलावून दाखवायला लागल्या.

सासऱ्यांना मात्र हे फार लागलं. "उभी नोकरी एस.टी.त गेली माही," ते म्हणाले, "न् आता कचऱ्याची गाडी सांगन का माह्या घरचा टाइम?" पण अट पुरी होत आली होती, तेव्हा पेला काही वाजला नाही.

हजर व्हायचा शेवटचा दिवस सोमवार होता. मी नवी साडी नेसले, पिना लावल्या, डबा भरला. लेकरं त्या दिवशी आपणहून आधीच उठून कचऱ्याची बादली मध्ये घेऊन ओट्यावर बसली. साडेसात झाले. गाणं नाही. पावणेआठ झाले. गल्ली चिडीचूप. (मागाहून कळलं, ड्रायव्हरच्या घरी मुलीचं बारसं होतं. होऊ दे, लेक झाली ही चांगलीच गोष्ट, पण त्या दिवशी मी त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.)

"चला, आज आधी आंघोळ," मी म्हणाले.

"गाडी नाई आली," मोठी म्हणाली. "अजून सकाळ नाई झाली."

"नाई झाली," धाकटा म्हणाला.

मी गोड बोलले. चॉकलेट कबूल केलं. मग ओरडले, आणि ओरडायला नको होतं, कारण धाकटा पलंगाखाली गेला आणि मोठीने बादली पोटाशी धरून भोकाड पसरलं. सासूबाई वाकायला गेल्या आणि गुडघा धरून तिथेच बसल्या. आठ वाजले. सगळं मीच शिकवलं होतं! गाडी आल्याशिवाय सकाळ नाही हे या दोघांना मीच घोटून घोटून शिकवलं होतं. मी पलंगावर बसले. खांद्याची पिन टोचत होती, ती काढायचाही धीर नव्हता. वाटलं, गेली नोकरी. इतकी वर्षं वाट पाहिली आणि कचऱ्याच्या गाडीपायी गेली. मला रडू आलं आणि मी रडले.

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. उठले, मोरीतला पत्र्याचा रिकामा डबा आणि स्वयंपाकघरातला डाव घेतला आणि मागच्या दाराने निघून गेले. मला वाटलं, सुनेचं रडणं पाहवलं नाही, बिचारे पाणी भरायला गेले.

दोन मिनिटांनी पलीकडच्या गल्लीतून डबा वाजायला लागला. आणि त्यावर घंटागाडीचं गाणं, पण भोंग्यातलं नाही, ज्या गळ्याने जन्मभर स्टॉप पुकारले त्या गळ्यातलं. गाण्याचे शब्द त्यांना अर्धेच येत होते. उरलेल्या जागी जे तोंडात बसलेलं होतं ते येत होतं. "ओला कचरा, सुका कचरा... चला, मागं सरका, पुढं जागा हाय... कचरा सुट्टा हातात ठेवा, गाडी थांबनार नाई!"

मोठीचं रडणं बंद. धाकट्याचं डोकं पलंगाखालून बाहेर आलं. मी गालावरचं पाणी पुसलं न पुसलं तोच दोघं दात घासत होती, आणि वळणावर आवाज आला तेव्हा दूध संपलेलं होतं.

बनियन-पायजम्यातले सासरे डबा वाजवत गल्लीतून आले. जे कधी इस्त्रीच्या शर्टाशिवाय ओट्यावर बसले नाहीत, ते! शेजारपाजारच्या बायकांना काय कळणार, त्यांनी आवाज ऐकून आपापला कचरा आणला होता. त्यातल्या दोघींनी हसत हसत तो त्यांच्या डब्यात टाकला, आणि त्यांनी तो घेतला. मोठीने बादली रिकामी केली. ते म्हणाले, "काय मॅडम," आणि कडक सलाम ठोकला. लेकरं वळली आणि सरळ मोरीत गेली.

साडेआठला मी पर्स घेऊन बाहेर आले. ते दुसऱ्यांच्या कचऱ्याने भरलेला डबा धरून तसेच उभे होते, माझ्याकडे न पाहता. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकले. "पाया-बिया पडत बसू नको, हात खराब हायेत माहे. गाडी चुकन." आणि डाव डब्यावर आपटला. दोनदा.

मी धावत सुटले. एस.टी. पंचवीस मिनिटं लेट होती. मी स्टँडवर बसून हसत होते आणि बाजूची बाई माझ्याकडे संशयाने पाहत होती. त्या दिवशी शाळेत सही केली.

दुसऱ्या दिवशी खरी घंटागाडी आली, गाणं लावून, ड्रायव्हर सलाम ठोकायला तयार. मोठी ओट्यावरून हलली नाही. "ही नाई," ती म्हणाली. "आबाची पायजे." सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे, आणि मी घड्याळाकडे. ते पुटपुटत उठले आणि डबा शोधायला गेले.

याला आता दोन वर्षं झाली. गल्लीतला अर्धा कचरा त्यांच्याच डब्यात येतो, आणि तो ते कोपऱ्यावर खऱ्या गाडीत टाकून येतात. ड्रायव्हर त्यांना "काय साहेब" म्हणतो. मोठी पहिलीत आहे, तिला घड्याळ नीट कळतं, आणि आबांची गाडी दोन मिनिटं लेट झाली तर ती त्यांना सुनावते. मी पायात चप्पल घालून दारात उभी राहते. डब्यावर दोनदा वाजतं, तेव्हाच निघते.